खिशातला हात

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी सात वाजता सुधाकर पागनीस सरांनी भिंतीवर सव्विसावा नियम चिकटवला, दोन पावलं मागं सरून पाहिलं, आणि कागद तांदूळभर तिरपा लागलाय असं दिसल्यावर उपटून पुन्हा चिकटवला.

"काका, बस झालं आता," त्यांची पुतणी निहारिका खुर्च्या मांडता मांडता म्हणाली. "मुलं क्यूब सोडवायला येऊन राहिलीत. वकिलीची परीक्षा द्यायला नाही."

"नियम वाचला नाही म्हणून तो लागू होत नाही, असं नसतं," सर म्हणाले आणि त्यांनी सत्ताविसावा उचलला.

स्पर्धा होती क्यूबची. सहा बाजूंना सहा रंग असलेला तो ठोकळा आधी ठरलेल्या पद्धतीनं विस्कटायचा आणि स्पर्धकानं तो कमीत कमी सेकंदांत पुन्हा जुळवायचा, एवढाच मामला. पण त्या एवढ्याशा मामल्याचं नियमांचं पुस्तक मात्र चांगलं जाडजूड होतं, आणि म्हणूनच सरांचं त्याच्यावर प्रेम बसलं. क्यूब त्यांना स्वतःला या जन्मी जुळला नव्हता. एक बाजू पांढरी झाली की ते समाधानानं तो खाली ठेवत. पुस्तक मात्र त्यांनी तीनदा वाचलं, त्यातले सत्तावीस नियम निवडले आणि मराठीत न् हिंदीत वळणदार अक्षरात उतरवून काढले.

निहारिका इंदूरला नोकरी करायची आणि शाळेपासून क्यूबच्या नादी लागलेली होती. स्वतः भरवलेली ही तिची पहिलीच स्पर्धा. दोन महिने ती एकाच कागदावर डोकं घालून बसली होती. अठ्ठेचाळीस मुलं, आठ टायमर, सोळा-सोळांचे तीन गट, प्रत्येकाला पाच प्रयत्न, दुपारी छोट्या क्यूबची फेरी, जेवणाला चाळीस मिनिटं. त्या कागदात कुणाला शिंकायलाही सवड ठेवलेली नव्हती, कारण चार वाजता हॉल रिकामा करून द्यायचा होता. चारला त्याच हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मंडळाच्या अध्यक्ष जयूताईंनी तिला बजावून ठेवलं होतं, "चार म्हणजे चार हं बेटा. साडेतीनशे बायका येतात. तुझ्या ठोकळ्यांसाठी मी त्यांना सडकेवर नाही उभं करणार."

शिवाय भोपाळहून विहंग नावाचा एक दाढीवाला तरुण अधिकारी आलेला होता. सगळं नियमानं झालं असं त्यानं लिहून दिलं तरच निकाल धरले जाणार. नाही तर दोन महिन्यांची मेहनत पाण्यात, आणि निहारिकेला पुन्हा स्पर्धा भरवायला कोण देणार?

सरांना तिनं जज नेमलं होतं. म्हणजे स्पर्धकासमोर बसायचं, क्यूबवरचं झाकण उचलायचं, पाहायला दिलेल्या पंधरा सेकंदांतले आठ झाले की "आठ" म्हणायचं, बारा झाले की "बारा" म्हणायचं, आणि शेवटी क्यूब नीट जुळला की नाही ते पाहायचं. एखादी बाजू अर्धवट वळलेली राहिली तर वेळेत दोन सेकंदांचा दंड मिळवायचा. त्याला मुलं 'प्लस टू' म्हणत. सर स्वतःला मनातल्या मनात केंद्राध्यक्ष समजत होते, तो भाग वेगळा. तेहतीस वर्षं त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि दर मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेवर ड्युटी केली होती. सेवेत एक डाग नव्हता. हे ते स्वतःच सांगत, त्यामुळे सगळ्यांना माहीत होतं.

नोंद ठेवणं तर त्यांच्या रक्तातच. त्यांचे खापरपणजोबा शिंदे सरकारच्या पागेत घोड्यांची नोंद ठेवायचे. कोणत्या घोड्याला कधी नाल ठोकला, कोणता कधी खोकला, सगळं कागदावर. घोडे गेले, पागा गेली, पण पागनीसांच्या घरात नोंदवही राहिली. दूधवाला किती वाजता आला हेसुद्धा सर लिहीत. "वेळ नाही ती नोंद नाही," हे त्यांचं ब्रीद होतं. स्पर्धेसाठीही त्यांनी लाल कापडी पाठीची नवी वही आणली होती.

शनिवारी मदतनीस मुलामुलींना शिकवताना त्यांनी आपली आवडती हकीकत सांगितली होती. "मी पर्यवेक्षक होतो. गणिताचा पेपर. एक पोरगा एक हात खिशात घालून लिहून राहिलेला. मी काही बोललो नाही. अर्धा तास नुसता त्याच्या आजूबाजूला फिरलो. मग म्हटलं, 'बेटा, हात बाहेर.' निघाली पुडी! छापील कागदाची. तिथल्या तिथं वर्गाबाहेर, वर्ष बाद. लक्षात ठेवा, खिशातला हात कधी निर्दोष नसतो."

मुलांनी माना डोलावल्या. हॉलची देखभाल करणारा पन्नाशीचा माणिक चहाचे कप गोळा करत होता. त्याचा एक कप तेवढा खाली पडला. "प्लस टू, माणिककाका!" एक पोरगी ओरडली, तसा तो हसला. त्याला तो शब्द फार आवडला होता. सकाळपासून चहा गार झाला तरी प्लस टू, कुलूप लागलं नाही तरी प्लस टू, असं त्याचं चाललं होतं.

तर रविवारी साडेआठला पहिल्या गटाचे सोळा क्यूब जमा झाले. ते एका ट्रेमध्ये ओळीनं मांडून वर पांढरं कापड टाकलं, आणि सगळी मंडळी मागच्या अंगणात पोहे-जिलबी खायला गेली. क्यूबवर पहारा म्हणून सर एकटे मागं राहिले.

आणि इथंच घात झाला.

सरांच्या मनात सकाळपासून एक गोष्ट खुपत होती. निहारिकेनं उद्घाटन ठेवलंच नव्हतं. "दिवा नको काका, सात मिनिटं जातात," असं म्हणाली होती. पोरीचं एवढं मोठं कार्य, आणि देवाधर्माचं नावच नाही! सरांच्या घरी खंडेनवमीला स्कूटरपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मागच्या गल्लीतला झेरॉक्सवाला नवं मशीन नारळ फोडल्याशिवाय चालू करत नाही. उज्जैनमध्ये राहून बिनपूजेची स्पर्धा? काही विपरीत झालं तर?

समोरच्या टेबलावर संध्याकाळच्या हळदीकुंकवाची तयारी होती. सरांच्या पत्नी प्रतिभाकाकूंनी पंचपाळं आणि अक्षतांची वाटी सकाळीच आणून ठेवली होती. सरांनी इकडंतिकडं पाहिलं. चपला काढल्या. कापड उचललं. अनामिका पाण्यात बुडवून प्रत्येक क्यूबला आधी हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचं बोट, आणि वर चार-चार अक्षता. सोळाच्या सोळा. डोळे मिटून म्हणाले, "पोरीचं सगळं नीट होऊ दे." कापड पुन्हा होतं तसं पांघरलं, चपला घातल्या, खुर्चीवर येऊन बसले, वही ओढून ८.३५ची नोंद केली, आणि आपल्याला पोहे कोण आणून देतं याची वाट पाहू लागले. मन कसं प्रसन्न झालं होतं.

नऊला विहंगनं क्यूब विस्कटायला म्हणून कापड उचललं. एक क्यूब हातात घेतला, दोन-चारदा वळवला आणि तसाच थांबला. त्याची बोटं लाल-पिवळी झाली होती.

"ये क्या है? निहारिका, इधर आ."

निहारिका आली आणि पाहतच राहिली. सोळा क्यूब, सोळा टिळे.

"क्यूबच्या एखाद्या तुकड्यावर वेगळी खूण असेल तर तो क्यूब स्पर्धेत चालत नाही," विहंग हळूच म्हणाला. "खूण धरून तुकडा ओळखता येतो ना. हे तर..." त्यानं भिंतीकडं बोट केलं. "हे तर तुमच्या भिंतीवरच लिहिलंय. नियम क्रमांक चौदा."

सरांनी भिंतीकडं पाहिलं. चौदावा नियम त्यांच्याच अक्षरात, सरळ रेषेत, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून, त्यांच्याकडं पाहत होता. आणि त्याच्या वर तिसरा नियम: जमा केलेल्या क्यूबला नेमलेल्या माणसाखेरीज कुणीही हात लावू नये. याला तर सरांनी लाल शाईनं अधोरेखित केलं होतं.

सरांचे कान तापले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात विहंग म्हणाला, "आयोजकांपैकी कुणी केलं असेल तर मला वर रिपोर्ट करावा लागेल." सरांनी तोंड मिटलं. आणि उजवा हात, ज्याच्या अनामिकेवर हळद आणि हळदीवर कुंकू होतं, तो आपसूक खिशात गेला.

"अरे, विचारता काय!" मागून जयूताईंचा आवाज आला. "हा माणिक! काल मी याला म्हटलं होतं, संध्याकाळची पूजा मांडून ठेव. या शहाण्यानं इथंच मांडली! काय रे, तूच नं?"

माणिकच्या हातात फडकं होतं. तो सरांच्या टेबलाजवळच उभा होता. त्यानं एकदा टेबलाकडं पाहिलं, एकदा सरांकडं पाहिलं, आणि मान खाली घालून म्हणाला, "हो बाई. झालं असेल माझ्याकडूनच."

सरांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण फ्रीगंजातली जमीन पक्क्या फरशीची. ती काही दुभंगली नाही.

माणिकनं बादलीत साबणाचं पाणी आणलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे सरांनी तेहतीस वर्षं दरवर्षी वर्गात करून दाखवलं होतं. "थांबा" एवढा एक शब्द बोलायचा होता. पण हळदीचं नाव आपल्या तोंडून निघालं तर सगळे आपल्या हाताकडं बघतील, या भीतीनं ते गप्प बसले. पाच मिनिटांत सोळा क्यूबांच्या पांढऱ्या बाजू लालसर झाल्या. आता लाल कुठली आणि पांढरी कुठली, कुणाला कळेना. एका मुलानं भोकाड पसरलं. त्याची आई म्हणाली, "दो हजार का है भैया!"

निहारिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र सरांना पाहवेना.

"लिंबू," ते पुटपुटले.

"काय काका?"

"लिंबू लावा. लाल जाईल, पुन्हा पिवळं होईल. मग ते पिवळं सॅनिटायझरनं पुसा."

पोह्यांबरोबरची सगळी लिंबं आणली. आणि खरोखर, लाल गेलं, पिवळं झालं, पिवळंही गेलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. "सरांनी वाचवलं!" विहंगनं त्यांना वाकून नमस्कार केला. जयूताई म्हणाल्या, "म्हणून म्हणते, माणूस शिकलेला असावा. नाही तर हा आमचा माणिक." माणिकनंही टाळ्या वाजवल्या. सरांना एकही टाळी नीट ऐकू आली नाही. एक हात खिशात, दुसरा हवेत, असे ते उभे होते. स्वतःच लावलेल्या आगीवर तांब्याभर पाणी ओतून सत्कार घेणाऱ्याला जसं वाटेल, अगदी तसंच त्यांना वाटत होतं.

पावणेदहाला स्पर्धा सुरू झाली. सरांच्या टेबलावर अकरा वर्षांची देवश्री बसली. दोन वेण्या आणि चेहऱ्यावर शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टराची गंभीरता. सरांनी डाव्या हातानं झाकण उचललं, डाव्या हातानं स्टॉपवॉच दाबलं.

"अंकल, हात दुखून राहिला का?" तिनं क्यूबवरची नजर न काढता विचारलं.

"आठ," सर म्हणाले.

तिची बोटं चालू लागली. पाच सेकंद झाले, सहा झाले, आणि क्यूबमधून कर्र असा आवाज आला. देवश्रीनं जोर लावला. क्यूब फुटला. तुकडे चहूकडं उडाले आणि एक पिवळा कोपरा पलीकडं बसलेल्या जयूताईंच्या पोह्यांत जाऊन पडला. देवश्री टेबलाखाली शिरली, तुकडे गोळा केले आणि एकदम म्हणाली, "अंकल, आतमधून तांदूळ निघाला!"

सोळा क्यूबांवर प्रत्येकी चार अक्षता. कुंकू पुसलं होतं, अक्षता मात्र क्यूब फिरवताना आत गेल्या होत्या. विहंगनं स्पर्धा थांबवली. सोळाच्या सोळा क्यूब खोलायचे, एकेक दाणा काढायचा, पुन्हा बसवायचे. "चौसष्ट दाणे मिळाले पाहिजेत," तो म्हणाला. बरोबर आकडा त्याला कसा कळला, हे सरांच्या लक्षात आलं नाही. त्यांचं लक्षच ठिकाणावर नव्हतं.

निहारिकेनं आपला तो कागद काढला. जेवणाच्या चाळीस मिनिटांची पंधरा केली. मग पेन जरा वेळ तसंच धरलं, आणि छोट्या क्यूबची फेरी खोडली. त्या एका फेरीसाठी देवासहून नऊ मुलं आली होती. ती त्यांना समजावून सांगायला गेली, तेव्हा सर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. भिंतीवरही नियमच होते.

"काय हो," प्रतिभाकाकू जवळ येऊन म्हणाल्या, "खिशात काय दडवून ठेवलंय?"

"कुठं काय! गारठा आहे."

"मग दुसऱ्या हाताला नाही वाटत गारठा?"

काकूंनी त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, हात हलतो ना तुमचा? जयूताई, इकडं या बरं जरा! यांचा हात..."

मग काय विचारता! "लकवा असेल," जयूताईंनी तिथल्या तिथं निदान केलं. "माझ्या दिरांना असंच झालं होतं. आधी हात, मग वाचा. बघा, बोलत पण नाहीत." देवश्रीचे वडील डॉक्टर निघाले. ते म्हणाले, "सर, दोनों हाथ आगे कीजिए." सरांनी डावा पुढं केला. "और वो?" "तो ठीक आहे." "ठीक है तो दिखाइए." सर म्हणाले, "बाथरूमला जाऊन येतो," आणि अडुसष्टाव्या वर्षी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून गेले. ते पाहून डॉक्टर म्हणाले, "लकवा नहीं है."

वर त्यांनी दाराला कडी लावली आणि नळाखाली बोट धरून खसाखसा साबण चोळला. बोट लालभडक झालं. तेहतीस वर्षं! दरवर्षी स्वतःच्या हातानं दाखवलेला प्रयोग! बेसिनवरच्या आरशात त्यांना एक म्हातारा दिसला. तो एका बोटाला घाबरून कडी लावून उभा होता. सरांना त्याची इतकी लाज वाटली की त्यांनी मान फिरवली. लिंबू मागायचं म्हटलं, तर सगळी लिंबं क्यूबांवर संपली होती.

कशीबशी स्पर्धा पार पडली. साडेतीनला निहारिकेनं माइक घेतला. देवश्री दुसरी आली होती. बक्षिसं झाली. मग निहारिका म्हणाली, "आणि शेवटी आमचे सुधाकरकाका. यांनी लिंबाची युक्ती सांगितली नसती तर आज काही खरं नव्हतं." जयूताई शाल-श्रीफळ घेऊन पुढं आल्या. जाता जाता माइकमध्येच म्हणाल्या, "आणि एक सांगून ठेवते. ज्यानं हा घोळ केला, त्या माणिकला मी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय. मंडळाची इज्जत आहे शेवटी."

माणिक दाराशी उभा होता. हातात झाडू. त्यानं नुसती मान हलवली.

जयूताईंनी नारळ पुढं केला. नारळ घ्यायला उजवा हात लागतो, डाव्या हातानं नारळ कुणी घेत नाही. सरांनी नारळाकडं पाहिलं, माणिककडं पाहिलं, आणि मग तो हात सकाळपासून पहिल्यांदाच चारचौघांत खिशाबाहेर काढला. काढला तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

"नियम क्रमांक तीन आणि नियम क्रमांक चौदा," ते म्हणाले. "दोन्ही मी मोडले. पूजा मी केली. माणिकनं नाही. पोरीचं चांगलं व्हावं म्हणून केली, पण केली मी. आणि दिवसभर गप्प बसलो, तेही मीच. साबणाचं मला माहीत होतं. तेव्हाही गप्प बसलो. मला... मला फार शरम वाटते आहे."

जयूताईंच्या हातातला नारळ तसाच राहिला.

विहंग खाकरला. "सर, वो तो हमें पता है."

"पता है? कुणी सांगितलं?"

"तुम्हीच." त्यानं लाल पाठीची वही उचलली आणि वाचली, "'सकाळी ८.३५. सोळा यंत्रांना हळद, कुंकू व प्रत्येकी चार अक्षता वाहून पूजन केले. सर्व यंत्रे सुस्थितीत. सु. वि. पागनीस.' खाली सही पण आहे. मी साडेनऊलाच वाचलं. रिपोर्टमध्ये लिहूनही टाकलं. सगळ्यांना जादा प्रयत्न दिले, निकाल पक्के आहेत."

आधी देवश्री हसली. मग तिचे वडील, मग सगळा हॉल. प्रतिभाकाकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते कळलं नाही.

"मग बोलला का नाहीत?" सरांनी निहारिकेला विचारलं.

"आम्ही बोलणारच होतो काका," ती म्हणाली. "पण माणिककाकांनी हात जोडले. म्हणाले, सर स्वतःच सांगतील, तुम्ही मध्ये पडू नका. म्हणून मग आम्ही थांबलो." आणि जरा थांबून तिनं जोडलं, "तसे तुम्ही फार वेळ लावला."

जयूताईंनी वही कधी उघडलेलीच नव्हती. त्यांनी नारळ कुणाला द्यावा ते न सुचून तो माणिकच्याच हातात ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या वेळेवर ये रे."

चारला बायकांची रांग लागली. सर आणि माणिक मिळून मागच्या खोलीत खुर्च्या रचू लागले.

"तू वही वाचली होतीस," सर म्हणाले. "सकाळीच. मग स्वतःवर का घेतलंस?"

"तुमचं नाव कसं घेऊ साहेब, भरल्या हॉलमध्ये? अन् मला काय, सवय आहे."

"कसली सवय?"

माणिकनं खुर्ची खाली ठेवली. "एक्याण्णव साल. देवास गेटजवळच्या शाळेत दहावीचं सेंटर होतं. गणिताचा पेपर. काल तुम्ही पोरांना सांगितलं नं, खिशात हात होता म्हणून? तो मी."

सर खुर्चीवर बसले.

"त्या पुडीत काय होतं, पाहिलं होतं तुम्ही?" माणिकनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"छापील कागद होता. गाईडचा."

"इतिहासाच्या गाईडचा होता सर. अन् पेपर गणिताचा. आत महाकालचा अंगारा होता. आईनं दिला होता, पेपर चांगला जावा म्हणून. बोललो होतो मी. तुम्ही म्हणाले, परीक्षेत कागद म्हणजे कागद."

सरांना ते आठवलं. पुडी उलगडताना काहीतरी राखाडी शर्टावर सांडलं होतं आणि त्यांनी ते झटकून टाकलं होतं. चौतीस वर्षं ती हकीकत ते मोठ्या अभिमानानं सांगत आले होते. सकाळपासून वाटलेली लाज त्यांना आता अगदीच किरकोळ वाटू लागली. त्यांना माणिककडं वर पाहवेना. थोड्या वेळानं त्यांनी वही उघडली, चष्मा लावला आणि लिहू लागले. लाल बोटाचा डाग कागदाला लागत होता, पण त्यांनी पुसला नाही.

'सन १९९१, मार्च. गणिताच्या पेपरला परीक्षार्थी माणिक याच्या खिशात सापडलेला कागद इतिहासाचा होता. आत अंगारा होता. परीक्षार्थी निर्दोष. चूक पर्यवेक्षकाची.' खाली पूर्ण नावानं सही केली आणि वही माणिकपुढं धरली.

माणिकनं एकेक अक्षर लावत वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाला, "वेळ राहिली सर. वेळ नाही ती नोंद नाही, तुम्हीच म्हणता."

सरांनी घड्याळात पाहिलं. "चार वाजून वीस मिनिटं."

"ते तर आत्ताचं झालं. किती वेळ लागला, ते लिहा नं."

सरांनी हिशेब केला. "चौतीस वर्षं दहा महिने."

माणिकनं खुर्ची उचलून ढिगावर रचली. "अन् प्लस टू."

सरांनी मुकाट्यानं तेही लिहिलं.